सातव्या मजल्यावर, लिफ्टसमोर

गोधडी अंथरायला घरात जागा नाही.
दोनशे पंचवीस चौरस फुटांत
कॉट, कपाट, फ्रिज, सून, नातवाचं अभ्यासाचं टेबल.
म्हणून आम्ही लिफ्टसमोर बसतो,
सातव्या मजल्यावर, दुपारी दोनपासून
नळाला पाणी येईपर्यंत.
जिन्याच्या जाळीतून शिवडीची खाडी दिसते,
हवा स्वच्छ असेल तर.

लिफ्टचं दार उघडतं. कुरिअरवाला थबकतो,
चपला हातात घेऊन कडेकडेनं जातो,
जणू कुणाच्या देवघरातून चाललाय.

चौघी चार कोपऱ्यांना.
आवडाबाई माणदेशच्या, टाका तांदळाएवढा.
श्रीवर्धनच्या झुलेखाचा त्याहून बारीक.
फ्लोरीला अंगुस्तान लागतं,
आणि मधेमधे गुडघा सरळ करायला पाच मिनिटं.
मी यांच्यात कच्ची. बँकेत अडतीस वर्षं नोटा मोजल्या,
सुई धरायला इथे शिकले,
निवृत्तीनंतर, झोप उडाल्यावर.
डॉक्टर म्हणाले होते, मन रमवा.
कशात, ते चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं.

सोसायटीची नोटीस आली:
सामाईक जागेत कोणतेही सामान ठेवू नये.
मी मोठ्यानं वाचून दाखवली.
'आपण काय सामान आहोत?' आवडाबाई म्हणाल्या
आणि दातानं दोरा तोडला.
पुढच्या मंगळवारी सेक्रेटरीची बायको, वनजा,
नवऱ्याच्या तीन जुन्या लुंग्या घेऊन दारात उभी.
'आत घालायला चालतील?'
चालतात. आत सगळं चालतं.
फाटका परकर, शाळेचा गणवेश, पडद्याचं अस्तर,
फ्लोरीच्या ॲल्फ्रेडचा आजारपणातला पायजमा.
तो तिनं दिला तेव्हा कुणी काही बोललं नाही,
जरा सरकून बसलो, एवढंच.

बोलताना डोळे कापडावर असतात,
म्हणून काहीही बोलता येतं:
सुरमईचा भाव, कुणाची शुगर, जावयाचं कर्ज,
आणि समोर बघून जे कधी सांगता आलं नसतं, तेही.

जानेवारीत झुलेखाचे टाके लांबले.
आधी तांदूळ, मग शेंगदाणा, मग बोटाचं पेर.
चष्म्याचा नंबर वाढलाय, ती म्हणायची.
आवडाबाईंनी त्या रांगेवरून बोट फिरवलं
सावकाश, डोळे मिटून.
सुई कापडात टोचून ठेवली.
'जेवली कधी होतीस?'

लिफ्ट वर आली, उघडली, आत कुणीच नव्हतं, मिटली.
मग झुलेखा बोलली.
काय, ते इथे लिहिणार नाही.
त्या दिवशी नंतर एकही टाका पडला नाही,
पाणी येऊन गेलं
आणि पाच घरांतली पिंपं कोरडी राहिली.

वनजा तिच्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत बसली,
नंबर एकशे बारा, हातात घरची इडली.
फ्लोरीनं मुद्दाम झुलेखाच्याच खाटकाकडून मटण आणलं.
आवडाबाई रोज दोन वाजता तिची बेल वाजवायच्या,
'चल गं, कोपरा रिकामा आहे.'
काही दिवस ती आली आणि नुसती बसली.
सुईत दोरा तेवढा ओवून द्यायची.

मार्चात गोधडी संपली.
मी म्हटलं, ते लांब टाके उसवून पुन्हा घालू.
माझा हिशेबी स्वभाव, ताळेबंद जुळायला हवा.
आवडाबाईंनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली.
'राहू द्या. जानेवारी होता तो.'
झुलेखा हसली. मोठ्यानं.
खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

आता ती महिना-महिना एकेकीकडे असते.
या महिन्यात माझ्याकडे.
रात्री अडीच-तीनला पायाचा अंगठा
त्या लांब टाक्यात अडकतो, जाग येते.
भिंतीपलीकडे झुलेखाचा पंखा
कुरकुरत फिरत असतो.
मी पाय काढून घेत नाही.